चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने नोव्हेंबर १९७१ मध्ये जगातल्या सर्वांत कमी विकसित देशांची पहिली यादी मंजूर केली. तीत २५ नावे होती: नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान, मालदीव, इथिओपिया, माली, हैती आणि तेव्हा वेगळे राज्य असलेले सिक्कीमसुद्धा. बांगलादेश तीत नव्हता, कारण तो देशच अजून व्हायचा होता. महिनाभरात, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १९७५ साली बांगलादेशाचे नाव यादीत चढले आणि सुमारे सात-आठ कोटी लोकांचा हा देश लोकसंख्येने त्या यादीतला सर्वांत मोठा देश ठरला.

नव्या राष्ट्राच्या वाट्याला आलेली स्थिती भयानक होती. १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री भोला बेट आणि आसपासच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसे गिळली होती. त्यानंतर नऊ महिन्यांचे युद्ध झाले आणि सुमारे एक कोटी लोक जीव मुठीत धरून भारतात आले. ते परतले तेव्हा पूल उडवलेले होते, बैल आणि होड्या गेल्या होत्या, चितगाव बंदराच्या तोंडाशी बुडालेली जहाजे आणि सुरुंग होते. परकीय चलन मिळवून देणारा माल म्हटला तर ताग आणि तागाची पोती, आणि जगभर त्यांची जागा प्लॅस्टिक घेऊ लागले होते. डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका उच्चस्तरीय बैठकीत हा देश जगाच्या गळ्यात पडणारे ओझे होणार, अशा अर्थाचे शब्द उच्चारले गेले. नंतर ते हेन्री किसिंजर यांच्या नावावर चिकटले, आणि कितीतरी वर्षे परदेशी वृत्तपत्रांत बांगलादेशाची ओळख याच शब्दांनी करून दिली जात असे. जस्ट फालंड आणि जे. आर. पार्किन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९७६ साली या देशावर पुस्तक लिहिले, त्यात बांगलादेशाला विकासाची कसोटी म्हटले होते. इथे विकास साधला तर तो कुठेही साधेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच्या दोन वर्षे आधी दुष्काळ पडला होता. १९७४च्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर आला, तांदळाचे भाव कडाडले आणि रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट या जिल्ह्यांतली माणसे रस्त्यावर येऊन मरू लागली. सरकारने सुमारे सहा हजार लंगरखाने उघडले. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकल्याचे कारण पुढे करून अमेरिकेने अन्नधान्याची मदत नेमकी त्याच काळात अडवली. सरकारी आकडा सुमारे २७ हजार मृत्यूंचा होता, स्वतंत्र अंदाज त्याच्या कित्येक पटींनी मोठे आहेत. अमर्त्य सेन यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आधीच्या आणि नंतरच्या एक-दोन वर्षांच्या तुलनेत १९७४ साली देशात माणशी तांदूळ जास्तच होता. पुरामुळे शेतीची कामे थांबली, भूमिहीन मजुरांची मजुरी बुडाली आणि समोर तांदूळ असून तो विकत घेण्याची ऐपत उरली नाही. मेलेल्यांत शेतमजूर सर्वाधिक होते.

या काळात जन्मलेल्या दर चार-पाच मुलांपैकी एक पाच वर्षांचे होण्याआधी दगावत असे. बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. आयुर्मान पन्नाशीच्या आतच होते. चाळीस वर्षांनी या तिन्ही आकड्यांचा कायापालट झाला होता, आणि तो देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता झाला. बांगलादेशाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ती समजून घ्यायची तर जुलाबांपासून सुरुवात करावी लागते.

गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश ही पटकीची मायभूमी. १९६० साली अमेरिकेच्या मदतीने ढाक्यात पटकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीन वर्षांनी तिने मेघनेच्या काठी मतलब या ठिकाणी क्षेत्रीय केंद्र उघडले. हा सारा भाग पावसाळ्यात पाण्याखाली, त्यामुळे रुग्णांना स्पीडबोटीने आणावे लागे. पटकीच्या रुग्णाच्या अंगातून दिवसाला दहा लिटरहून जास्त पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, नाडी लागेनाशी होते आणि माणूस काही तासांत संपतो. उपाय ठाऊक होता: शिरेतून सलाइन. मात्र त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शीर सापडवणारा माणूस लागतो. होडीशिवाय पोहोचता येत नाही अशा गावात हे सारे नेणे अशक्यच होते.

पाणी नुसते पाजले तर ते आतड्यात टिकत नाही, मिठाचे पाणी पाजले तरी फारसा फरक पडत नाही. मात्र मिठासोबत ग्लुकोज असेल तर आतड्याच्या पेशी दोन्ही एकदम आत ओढून घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर लोटत असले तरी हा दरवाजा ते बंद करू शकत नाही. शरीरशास्त्रज्ञांना हे १९६०च्या सुमारास उमगले होते. १९६८ साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या ढाक्याच्या प्रयोगशाळेतल्या दोन तरुण अमेरिकी डॉक्टरांनी ते रुग्णांवर सिद्ध केले. जितके पाणी अंगातून गेले तितके मोजून तोंडाने पाजायचे, ही त्यांच्या पद्धतीची किल्ली होती. शिरेतल्या सलाइनची गरज तिने सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटवली.

तरीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे जमेल यावर वैद्यकीय जगाचा विश्वास नव्हता. तो बसवायला १९७१चे निर्वासित यावे लागले. भारतातल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या खोल्यांतल्या जमिनीवर रुग्ण आपल्याच ओकारी-जुलाबांत पडलेले होते. सलाइनचा साठा संपत आला होता. महालनबीसांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा असे प्रमाण होते. मिश्रण तोटी लावलेल्या पिंपांत कालवले जाई आणि नातेवाईक पेल्याने नेऊन रुग्णाला पाजत. आया, बहिणी, मुलगे हेच तिथले परिचारक होते. आधी शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, या उपचाराखाली चारहून कमी. महालनबीस २०२२ साली वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ज्यांचे प्राण या पद्धतीने वाचले त्यांची गणती कोटींत होते, हे लक्षात घेतले तर तो सन्मान फार उशिरा आला असेच म्हणावे लागेल.

औषध सापडले, पण ते घराघरात पोहोचवायचे कसे, हा प्रश्न बाकीच होता. त्याचे उत्तर फजले हसन आबेद यांच्या संस्थेने दिले. आबेद चितगावला शेल तेल कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. युद्धानंतर त्यांनी लंडनमधले आपले घर विकले आणि १९७२ साली सिल्हेट भागातल्या शल्ला या हिंदूबहुल, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात मदतकार्य सुरू केले. ती संस्था म्हणजे ब्रॅक. १९७९ मध्ये तिने शल्ल्यात मीठ-गुळाच्या पाण्याचा पहिला प्रयोग केला आणि १९८०च्या जुलैपासून तो देशभर न्यायला घेतला. कारखान्यात बांधलेल्या पुड्या का नाहीत, याचे कारण सरळ होते. देशभरातल्या मुलांना वर्षाकाठी होणारे जुलाब कोटींच्या घरात जात होते, तेवढ्या पुड्या बनवायला पैसा नव्हता आणि पोहोचवायला रस्ते नव्हते. मीठ आणि गूळ मात्र जवळपास प्रत्येक झोपडीत होते.

प्रमाण असे ठरले: तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. ऐकायला सोपे, पण त्यात धोका होता. मीठ जास्त पडले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून शिकवण्याची रीत फार काळजीपूर्वक बसवली गेली. गावात तळ ठोकून राहिलेल्या बायकांची तुकडी सकाळी बाहेर पडे. एकेक कार्यकर्ती घरात जाऊन आईसमोर बसे, तिच्याच घरातल्या भांड्यात अर्धा शेर पाणी कुठवर येते ते दाखवी, चिमूट कशी धरायची ते दाखवी. मग आईने स्वतः कालवून दाखवायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी सारी माहिती मोजक्या मुद्द्यांत बसवली होती, त्या पाठ म्हणून दाखवत. कार्यकर्ती दिवसाला दहाएक घरे करी. महिन्याभराने दुसरा माणूस न सांगता येई, त्यातली काही घरे निवडी आणि त्या बाईला काय आठवते ते विचारी. तिने कालवलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाई आणि क्षार मोजले जात. कार्यकर्तीचा पगार ती किती घरे फिरली यावर ठरत नसे. आईच्या लक्षात किती राहिले, त्यावर तो ठरे. जगातल्या फारच थोड्या सरकारी वा खासगी योजनांनी स्वतःला अशी कडक परीक्षा लावून घेतली असेल.

पहिल्या परीक्षेत योजना नापास झाली. बायकांना रीत पाठ होती, पण मूल आजारी पडले तेव्हा ती वापरणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. शोध घेतल्यावर कळले की अनेक कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत होत्या, आणि हे गावाच्या नजरेतून सुटत नव्हते. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत आणून मीठ-साखर आतड्यात कशी काम करते ते समजावले गेले. दुसरी चूक पुरुषांना वगळण्याची होती. घरात काय चालले आहे ते नवऱ्याला आणि सासऱ्याला माहीत नव्हते, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला ते होकार देणार नव्हते. तेव्हा मशिदीत, बाजारात, शाळेत पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या, रेडिओवरून संदेश जाऊ लागले आणि वापर वाढत गेला. १९९० मध्ये मोहीम संपली तेव्हा सुमारे सव्वा कोटी घरांत ती जाऊन आली होती. पुढे स्वस्त पुड्या गावच्या दुकानांत मिळू लागल्या आणि गुळाची जागा त्यांनी घेतली. २०११च्या आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दर पाच मुलांपैकी चौघांना असे पाणी मिळत असल्याचे दिसले. जगात हे प्रमाण सर्वांत वरच्या पायरीवरचे होते.

दारोदार जाणारी बाई, हा नमुना त्या काळात सगळीकडे उपयोगी पडला. मतलबच्या केंद्राने १९६६ पासून आपल्या गावांतल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली होती. १९७७ साली त्याने निम्म्या गावांत शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्थानिक बायका नेमल्या. त्या ठरावीक दिवसांनी घरी जात, गोळ्या, इंजेक्शन, निरोध असे निरनिराळे पर्याय देत आणि त्रास झाला तर पुन्हा येऊन बघत. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. थोड्याच काळात दोन्हीकडच्या जननदरांत स्पष्ट फरक पडला. बायकांना बाजारात जायची मुभा नसलेल्या समाजात साधनच उंबऱ्यापर्यंत आले, की मागणी आपोआप दिसू लागते, हे त्यातून कळले. सरकारनेही कुटुंबकल्याणासाठी वीस हजारांहून अधिक महिला कार्यकर्त्या नेमल्या. १९७० च्या दशकात बाईमागे सहाहून अधिक असलेली मुलांची संख्या १९९३-९४ मध्ये ३.४ वर आली आणि २०११ मध्ये २.३ वर. या कार्यक्रमाची एक काळी बाजूही नोंदली पाहिजे. १९८०च्या दशकात नसबंदी करून घेणाऱ्यांना रोख रक्कम आणि साडी किंवा लुंगी दिली जात असे. घरात दाणा नसलेल्या माणसाला ही देणगी नाकारता येत नाही, आणि अशा संमतीला संमती म्हणणे कठीण आहे.

औषधांच्या बाबतीत मार्ग वेगळा होता. डॉ. जफरुल्ला चौधरी यांनी युद्धकाळात त्रिपुरातल्या मेलाघर इथे मुक्तियोद्ध्यांसाठी बांबूच्या झोपड्यांत रुग्णालय चालवले होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी ढाक्याजवळ सावर इथे गणस्वास्थ्य केंद्र काढले. तिथल्या आरोग्यसेविका सायकलवरून गावोगाव जात, आणि त्या काळच्या बांगलादेशात मुलीने सायकल चालवणे हेच बंड होते. १९८२ मध्ये जे राष्ट्रीय औषध धोरण आले त्यामागे चौधरींचा मोठा हात होता. निरुपयोगी किंवा घातक ठरवलेली सुमारे सतराशे औषधे बाजारातून काढली गेली. साधी औषधे बनवण्याचे काम परदेशी कंपन्यांकडून काढून देशी कारखान्यांकडे दिले गेले. देशातल्या डॉक्टरांच्या संघटनेपासून बड्या राष्ट्रांच्या वकिलातींपर्यंत सर्वांनी विरोध केला, पण धोरण टिकले. आज देशाला लागणारी जवळपास सगळी तयार औषधे देशातच बनतात. लसीकरणही त्याच दशकातले. १९८५च्या सुमारास जेमतेम शंभरातल्या दोन बालकांना सर्व लसी मिळत, पाच-सहा वर्षांत ते प्रमाण साठीच्या वर गेले.

शेतीत बदल हळू झाला, पण त्याशिवाय बाकीचे काही टिकले नसते. उथळ कूपनलिका आणि डिझेल पंप आल्यावर कोरड्या हंगामातले बोरो भात शक्य झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास असलेले तांदळाचे उत्पादन चार दशकांत साडेतीन कोटी टनांच्या आसपास गेले, तेही शेतजमीन वाढली नसताना. रंगपूरकडे आश्विन-कार्तिकात, आमन भात कापणीला येण्याआधी, दरवर्षी येणाऱ्या उपासमारीला तिकडे मोंगा म्हणत. तोही ओसरत गेला.

तागानंतर देशाला निर्यातीचा माल मिळाला तो शिवलेल्या कपड्यांचा. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कोणत्या देशातून किती कपडा घ्यायचा याचे कोटे बांधले होते. दक्षिण कोरियाचे कोटे भरले होते, बांगलादेशावर बंधनच नव्हते. नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने हे हेरले आणि देवू या कोरियन कंपनीशी करार केला. १९७९ मध्ये देश गारमेंट्सचे १३० कामगार आणि पर्यवेक्षक बुसानला पाठवले गेले. सहा महिने ते देवूच्या कारखान्यात कापणी, शिलाई, तपासणी आणि माल वेळेवर पाठवण्याची शिस्त शिकले. परतल्यावर चितगावच्या कालुरघाट भागात कारखाना सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत त्या १३० पैकी ११५ जण नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कादेर यांचे नुकसान झाले खरे, पण देशाला सबंध उद्योग मिळाला.

भांडवल नसलेल्यांना हा धंदा जमला तो दोन सवलतींमुळे. परदेशी ग्राहकाने उघडलेले पतपत्र तारण म्हणून दाखवायचे आणि त्यावर कापड आयात करायला दुसरे पतपत्र मिळवायचे. माल गेला, पैसे आले की कापडाची किंमत चुकती करायची. दुसरी सवलत बंधित गोदामाची. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात भरावी लागत नसे, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ते ठेवायचे आणि शिवून बाहेर पाठवायचे. खिशात थोडेच पैसे असलेला माणूस त्यामुळे शेदोनशे मशीनींचा मालक होऊ शकला. २०१९ च्या सुमारास या उद्योगात चाळीस लाख लोक होते, त्यांत बहुसंख्य बायका, आणि देशाच्या निर्यातीत शंभरातले ऐंशीहून अधिक रुपये कपड्यांचे होते. खेड्यातून आलेल्या, अठरा-वीस वर्षांच्या मुली ढाक्यात मीरपूरच्या रस्त्यांवरून सकाळी डबे घेऊन रांगेने कामावर जाऊ लागल्या, आणि आपल्या नावाचा पगार घरी पाठवू लागल्या. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुलींची लग्ने पुढे गेली आणि त्या शाळेत जास्त वर्षे राहू लागल्या, असे अभ्यासांत दिसले आहे. १९९४ पासून माध्यमिक शाळेतल्या ग्रामीण मुलींना देशभर मिळू लागलेल्या विद्यावेतनाची त्याला जोड होती.

याची किंमत कामगारांनी मोजली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ताजरीन या कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत शंभराहून अधिक जण मेले. २३ एप्रिल २०१३ रोजी सावरच्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला मोठ्या भेगा पडल्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. पगार कापला जाण्याच्या भीतीने आत गेलेल्या या माणसांचे मरण टाळता येण्यासारखे होते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला आणि सुमारे सोळाशे कारखान्यांची वीज, आग आणि बांधकाम या दृष्टीने तपासणी झाली.

बाहेरच्या जगात बांगलादेशाच्या प्रगतीशी सर्वांत जास्त जोडले गेले ते सूक्ष्मकर्ज. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून ८५६ टाका उसने दिले, १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. लाखो बायकांना सावकाराशिवाय कर्ज मिळाले ही मोठीच गोष्ट. पण केवळ अशा कर्जाने गरिबी हटते हा दावा नंतरच्या काटेकोर चाचण्यांत टिकला नाही. कर्जाने घराला अडचणीचे दिवस काढता आले. उत्पन्नात मोठी झेप क्वचितच दिसली. आखाती देशांत आणि मलेशियात राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांनी घरी पाठवलेल्या पैशाकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले.

एक चूक मात्र फार महाग पडली. तळ्याचे दूषित पाणी पिऊन मुले मरतात म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगाव हातपंप बसवले गेले. त्यांचे पाणी जंतूंपासून मुक्त होते, पण हिमालयातून आलेल्या गाळात मुळातच असलेले आर्सेनिक त्यात होते, आणि ते कुणी तपासले नव्हते. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकातच असे रुग्ण सापडले होते. बांगलादेशात चापाई नवाबगंज भागात १९९३ मध्ये ते उघड झाले. तळहातांवर घट्टे आणि कातडीवर काळे-पांढरे ठिपके घेऊन माणसे येत होती. काही कोटी लोक असे पाणी पीत असल्याचा अंदाज निघाला. पंप तपासून सुरक्षित त्यावर हिरवा, विषारी त्यावर लाल रंग मारला गेला, पण दुसरे पाणी जवळ नसलेल्या अनेक घरांनी लाल पंप वापरणे सोडले नाही.

वादळांच्या बाबतीत मात्र हिशेब स्पष्ट आहे. भोल्यानंतर रेड क्रॉस आणि सरकारने मिळून किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे जाळे विणले. सायकल, भोंगा आणि झेंडे घेऊन घरोघर इशारा देणे हे त्यांचे काम. सुरुवातीला निवारे फार थोडे होते, आणि एप्रिल १९९१च्या वादळात १ लाख ३८ हजार माणसे गेली. त्यानंतर खांबांवर उभी, एरवी शाळा म्हणून वापरता येतील अशी निवाऱ्याची घरे झपाट्याने बांधली गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये तितक्याच ताकदीचे सिडर हे चक्रीवादळ आले तेव्हा मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली.

शेजारच्या भारताशी तुलना अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी केली. २०११ च्या आसपास भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशाच्या जवळपास दुप्पट होते, तरी आयुर्मान, बालमृत्यू, लसीकरण, शौचालयांचा वापर आणि मुलींचे शिक्षण यांत बांगलादेश पुढे गेला होता. शिकण्याची वाट दोन्ही दिशांनी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कमी केले आणि १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात तपासली गेली आणि तिथेही बाळांचे मृत्यू लक्षणीय घटले.

जागतिक बँकेने २०१५ मध्ये बांगलादेशाला निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात घातले. सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी मात्र तीन कसोट्या असतात: दरडोई उत्पन्न, आरोग्य व शिक्षण, आणि अर्थव्यवस्था व पर्यावरणाची नाजूक स्थिती. दोन पाठोपाठच्या त्रैवार्षिक आढाव्यांत यांपैकी किमान दोन पुऱ्या कराव्या लागतात. बांगलादेशाने २०१८ आणि २०२१ मध्ये तिन्ही पुऱ्या केल्या. या यादीतून सुटणे सोपे नाही. १९९४ मध्ये बोट्सवाना पहिल्यांदा बाहेर पडला. त्याच्यामागून केप व्हर्दे, मालदीव, सामोआ, इक्वेटोरियल गिनी, वानुआतू, भूतान आणि २०२४ च्या अखेरीस साओ टोमे व प्रिन्सिपे इतकेच देश सुटले. बहुतेक सारे छोटे. त्यांत कोट्यवधी लोकसंख्येचा एकही नाही. महासभेने २०२१ मध्ये बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांच्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. एरवी तीन वर्षांची मुदत मिळते, करोना साथीमुळे ती पाच वर्षांची केली गेली.

यादीतून बाहेर पडणे म्हणजे सवलती जाणे. यादीतल्या देशांच्या कपड्यांवर युरोपात जकात नाही. बाहेर पडणाऱ्या देशाला युरोपीय संघ ही सूट आणखी तीन वर्षे देतो, म्हणजे ठरलेल्या तारखेनुसार २०२९ पर्यंत. त्यानंतर नव्या अटींवर करार करावा लागेल आणि कामगार हक्कांच्या कसोट्या त्यात अधिक कडक आहेत. औषधांचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार सर्वांत कमी विकसित देशांना औषधांवरचे पेटंट २०३३ पर्यंत मानावे लागत नाही. १९८२च्या धोरणातून उभे राहिलेले बांगलादेशी कारखाने या सवलतीच्या आधाराने नवी, महागडी औषधे मूळ किमतीच्या छोट्या अंशात बनवतात, आणि यादीतून नाव गेले की ही मुभाही जाते. जुन्या औषधांची पेटंटे केव्हाच संपली आहेत, त्यांना धक्का नाही. कर्करोग, यकृतदाह यांसारख्या आजारांवरच्या नव्या औषधांच्या किमती त्यानंतर काय राहतील, ते ढाक्याच्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद किती भक्कम ठेवली जाते आणि ती प्रत्यक्ष वापरली जाते का, यावर अवलंबून आहे.